लंडनमध्ये मुलं सोबत आणि बाहेर पाऊस : तो दिवस कसा घालवायचा?

लंडनच्या सहलीचा आराखडा करताना आपण सगळे उन्हाचा दिवस डोळ्यांपुढे ठेवतो. पूल, राजवाडा, बागा, नदीतली बोट. मग तिथल्या एखाद्या सकाळी पडदा सरकवल्यावर आभाळ भरून आलेलं दिसतं, मुलं पलंगावर उड्या मारत असतात आणि आई-बाबा एकमेकांकडे बघत बसतात. परक्या शहरात ऐन वेळी शोधाशोध केली की अर्धा दिवस फोनवरच जातो. आम्ही मुलांना घेऊन यातून गेलो आहोत. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे, म्हणजे तुमचा तो अर्धा दिवस वाचेल.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. लंडनचा पाऊस म्हणजे आपल्या जुलैतली झड नव्हे. तिथे वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बाराही महिन्यांत विखुरलेला असतो. एक सर येते, तासाभरात उघडीप होते, पुन्हा भुरभुर सुरू होते. म्हणून अख्खा दिवस रद्द करू नका, फक्त तासांची अदलाबदल करा. आणि त्या दिवशी शहराचा एकच भाग धरा. दोन टोकांची दोन ठिकाणं करायला गेलात की मुलं प्रवासातच भिजतात आणि थकतात.

१. आदल्या रात्री अंदाज तासातासाने बघा

'उद्या पाऊस' एवढं चित्र बघून थांबू नका. ब्रिटनच्या हवामान खात्याचं, म्हणजे मेट ऑफिसचं, ॲप मोफत आहे. त्यात दर तासाला पावसाची शक्यता किती टक्के आहे ते दिसतं आणि ढग कुठून कुठे सरकताहेत याचा नकाशाही असतो. जोराचे तास कुठले ते पाहा आणि त्या वेळी छपराखाली असाल असं ठरवा. भुरभुरीचे तास चालण्याला ठेवा.

सूर्यास्ताची वेळही बघून ठेवा. जूनमध्ये लंडनला रात्री नऊनंतरही उजेड असतो. चारला पाऊस थांबला तरी हातात चांगला पाच तासांचा दिवस उरतो. डिसेंबरात मात्र चारच्या आधीच सूर्य मावळतो. तेव्हा बाहेरचं जे काही करायचं ते दुपारच्या आत उरका.

२. बॅगेत काय हवं

- प्रत्येकाला टोपी असलेला रेनकोट किंवा पाणी न झिरपणारं जाकीट. मुलांसाठी छत्री नको. वाऱ्याने ती उलटते, शिवाय गर्दीत कोणाच्या तरी डोळ्यापाशी जाते.
- प्रत्येक मुलाला मोज्यांचे दोन जादा जोड. कपडे थोडे ओले असले तर मुलं खपवून घेतात, ओले मोजे नाही.
- सगळ्यात लहान मुलासाठी एक जादा पँट.
- बाबागाडी असेल तर तिचं प्लॅस्टिकचं आवरण. ते घरूनच न्या.
- पातळ टॉवेल आणि ओले कपडे ठेवायला दोन प्लॅस्टिक पिशव्या.
- खाऊ आणि पाण्याच्या बाटल्या.
- पॉवर बँक. तिथे भारतातली पिन चालत नाही, तिथल्या तीन चपट्या पिनांचा ॲडाप्टर खोलीवर असू द्या.
- छोटी वही आणि पेन्सिली. याचा उपयोग पुढे सांगते.
- पासपोर्टच्या पानांचे फोटो फोनमध्ये. मुलाचं वय कोणी विचारलंच तर कामी येतात. मूळ पासपोर्ट भिजत हिंडवू नका.

बुटांबद्दल जरा आग्रहाने सांगते. कापडी बूट पहिल्या डबक्यात संपतात आणि रात्रभरात वाळत नाहीत. मुलांचे दोन जोड न्या, त्यातला एक पाणी न शोषणारा हवा.

३. प्रवासाचे नियम आधी समजून घ्या

पावसात स्टेशनच्या फाटकाशी उभं राहून नियम वाचायची वेळ येऊ नये, म्हणून हे आत्ताच वाचून ठेवा.

११ वर्षांखालची मुलं तिकीट असलेल्या मोठ्या माणसाबरोबर ट्यूबने, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेने, फुकट जातात. एका मोठ्या माणसामागे अशी चार मुलं चालतात. बसमध्येही ११ वर्षांखालच्यांना भाडं नाही. ११ ते १५ वयाच्या मुलांसाठी ऑयस्टर कार्डावर (आधी पैसे भरून प्रवासाला वापरायचं कार्ड) 'यंग व्हिजिटर डिस्काउंट' घालून मिळतो. त्याने १४ दिवसांपर्यंत निम्मं भाडं लागतं. तो स्टेशनवरचे कर्मचारीच घालून देतात आणि मूल सोबत असावं लागतं. हे काम पोहोचल्या दिवशीच करून टाका.

मोठ्यांना कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड पुरतं, पण माणशी एक कार्ड हवं. एकाच कार्डावर आई-बाबा दोघे आत जाऊ शकत नाहीत. ज्या कार्डाने आत शिरलात त्याच कार्डाने बाहेर पडा, फोन आणि कार्ड यांचीही अदलाबदल करू नका. बसमध्ये फक्त चढताना कार्ड लावायचं. रोख पैसे तिथल्या बसमध्ये २०१४ पासून घेतच नाहीत.

४. पहिला पर्याय : साउथ केन्सिंग्टन

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी डोळे मिटून हाच भाग निवडावा. ट्यूबच्या साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून पादचाऱ्यांसाठी एक लांब भुयार निघतं आणि थेट संग्रहालयांच्या रस्त्यापाशी पोहोचतं. ते १८८५ साली खुलं झालं. पाऊस कितीही असो, तुम्ही जवळपास कोरडेच पोहोचता. अडचण एकच, स्टेशनात पायऱ्या आहेत. बाबागाडी उचलावी लागेल. सोबत आजी-आजोबा असतील आणि गुडघे कुरकुरत असतील तर त्यांच्यासाठी बस बरी.

इथे तीन मोठी संग्रहालयं शेजारी शेजारी आहेत : नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. तिन्हींच्या मुख्य दालनांना प्रवेश मोफत. म्हणूनच मोह होतो की आलोच आहोत तर तिन्ही करू. नका करू. एक निवडा, फार तर सकाळी एक आणि दुपारी दुसऱ्यातलं एखादं दालन.

माझी पसंती नॅचरल हिस्ट्रीला. मोफत असलं तरी संकेतस्थळावरून वेळेचं मोफत तिकीट आधी घेऊन ठेवा, कारण पावसाच्या दिवशी निम्मं लंडन तिथेच येतं. दार दहाला उघडतं. पावणेदहाला रांगेत उभे राहा, नाहीतर दुपारी अडीचनंतर जा. मधल्या वेळात डायनासोरच्या दालनाची रांग नकोशी होते. सकाळी शिरलात तर तेच दालन आधी करा. आत एक हलणारा, डरकाळ्या फोडणारा टी-रेक्स आहे. चार-पाच वर्षांची मुलं तिथे हमखास दचकतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा आणि कोपऱ्यावर येताच उचलून घ्या.

मग मधल्या मोठ्या दालनात या. छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे, नाव होप. लांबी २५.२ मीटर. हा मासा १८९१ मध्ये आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या किनाऱ्याला लागला होता, आणि २०१७ पासून तो या दालनात आहे. खालून सगळेच बघतात. तुम्ही जिन्याने वर जा. तोंड उघडून सूर मारणारा तो जबडा वरून जवळजवळ डोळ्यांच्या पातळीत येतो आणि मग आकार खरा कळतो. आमच्याकडे मुलांनी खाली येऊन शेपटीपासून डोक्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. नुसतं 'बघ केवढा मोठा आहे' सांगण्यापेक्षा त्या मोजणीने त्यांना जास्त समजलं.

याच दालनात वही बाहेर काढा. ही इमारत १८८१ मध्ये खुली झाली. वास्तुरचनाकार आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी भिंतींवर, खांबांवर भाजलेल्या मातीचे प्राणी आणि वनस्पती कोरून घेतल्या. पश्चिमेकडच्या अंगाला आज हयात असलेले प्राणी आणि पूर्वेकडच्या अंगाला नामशेष झालेले. मोठ्या दालनाच्या कमानींवर माकडं चढताना दिसतील. मुलांना सांगा, माकडं शोधा, मोजा आणि त्यातलं एक काढा. अर्धा तास कसा जातो कळत नाही, आणि तेवढ्यात आजी-आजोबांना बाकावर टेकता येतं.

मोठ्या मुलांना भूकंप-ज्वालामुखीचं दालन दाखवा. १९९५ च्या कोबे भूकंपाची कल्पना यावी म्हणून तिथे जपानी दुकानाची एक छोटी खोली केली आहे, तिची जमीन खरोखर हलते.

सायन्स म्युझियम निवडलंत तर वयाप्रमाणे वाट वेगळी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तळघरात 'द गार्डन' नावाची खेळायची जागा आहे, त्यात पाण्याचा खेळही आहे. तिच्या वेळा आत शिरतानाच विचारून घ्या. बाहेर पाऊस चुकवून आत येऊन मुलं पुन्हा भिजणार, ती जादा पँट इथेच लागते. सात वर्षांपुढच्यांसाठी 'वंडरलॅब' आहे. त्याला वेगळं तिकीट पडतं, पण पैसे वसूल होतात. वेगवेगळ्या पृष्ठभागांच्या घसरगुंड्या आहेत, त्यांवरून घसरत मुलं घर्षण शिकतात. आणि अवकाशाचं वेड असलेलं मूल असेल तर अपोलो १० चं खरं यान चुकवू नका. १९६९ मध्ये चंद्राभोवती फिरून आलेलं ते यान समोर उभं असतं, बाहेरून भाजून निघालेलं.

जेवणाचं एक सांगते. संग्रहालयांमधली कॅफे साडेबारा ते दोन तुडुंब असतात आणि महागही. स्वतःचा डबा खायला दोन्ही ठिकाणी जागा आहे. येताना एखाद्या सुपरमार्केटमधून सँडविच, फळं घ्या आणि साडेअकरालाच मुलांना खाऊ घाला.

५. दुसरा पर्याय : ग्रिनिच

संग्रहालयात रमणारी मुलं नसतील तर हा दिवस जास्त चांगला जाईल, कारण यात प्रवास हीच मजा आहे.

बँक स्टेशनहून डीएलआर धरा, लुइशमच्या दिशेची. डीएलआर म्हणजे डॉकलँड्स लाइट रेल्वे, १९८७ मध्ये सुरू झालेली. ती आपोआप चालते, समोर चालकाची केबिन नाही. त्यामुळे अगदी पुढच्या काचेमागे प्रवाशांच्या जागा आहेत. एखादी गाडी सोडावी लागली तरी सोडा, पण पुढची जागा मिळवा. समोर रूळ, काचेवर पावसाचे ओघळ, कॅनरी व्हार्फच्या उंच इमारतींच्या मधून जाणारी गाडी, आणि आपलं मूल दोन्ही हात काचेखालच्या कडेवर ठेवून ती चालवतंय. मडशूट स्टेशन सोडलं की गाडी उतारावरून बोगद्यात शिरते आणि काचेवरचा पाऊस एकदम थांबतो. आमच्या मुलांनी परतताना पुन्हा याच जागेचा हट्ट धरला होता.

आता युक्ती अशी. गाडी पुढे कटी सार्क स्टेशनला जाते, पण तुम्ही एक स्टेशन आधी, आयलंड गार्डन्सला उतरा. दोन-चार मिनिटांवर, नदीकाठी, एक गोल घुमटाची छोटी इमारत आहे. तिथून ग्रिनिच फूट टनेलमध्ये उतरता येतं. १९०२ मध्ये खुलं झालेलं हे भुयार सुमारे ३७० मीटर लांब आहे आणि थेम्सच्या पात्राखालून पलीकडे जातं. तिकीट नाही. वर नदीवर पाऊस पडतोय आणि आपण नदीच्या खालून कोरडे चालतोय, हे मुलांना चालायला लागण्यापूर्वी नीट समजावून सांगा, मग त्यांचे चेहरे बघा. उत्तरेकडच्या टोकाला काही अंतर भुयार अरुंद होतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे बॉम्बने नुकसान झालं होतं, दुरुस्ती करताना आतून पोलादी अस्तर घातलं, म्हणून ते निमुळतं दिसतं. दोन्ही टोकांना लिफ्ट आहेत, पण त्या कधी कधी बंद असतात आणि मग लांबलचक गोल जिना चढावा लागतो. जड बाबागाडी असेल किंवा सोबत वयस्कर मंडळी असतील तर ती मंडळी गाडीने कटी सार्कला जातील, बाकीचे भुयारातून येतील अशी विभागणी करा.

भुयारातून वर आलात की समोरच कटी सार्क जहाज. १८६९ मध्ये पाण्यात उतरलेलं हे चहाच्या व्यापाराचं शिडाचं जहाज. त्याला तिकीट आहे. जहाज जमिनीपासून वर उचलून धरलेलं आहे आणि भोवती काचेचं छत, त्यामुळे त्याच्या सोनेरी दिसणाऱ्या तळाखालून चालता येतं. पैसे खर्च करायचे नसतील तर चालत पाच-सात मिनिटांवर नॅशनल मॅरिटाइम म्युझियम आहे, मोफत.

परत जाताना उघडीप असेल तर ग्रिनिचच्या धक्क्यावरून बोट घ्या. बसायची जागा आतून बंदिस्त असते, म्हणून भुरभुर असली तरी चालतं. टॉवर ब्रिजखालून जाता येतं.

६. लहान मुलांसाठी आणखी दोन जागा

पाच वर्षांखालचं मूल असेल तर बेथनल ग्रीनमधलं 'यंग व्ही अँड ए', म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचंच मुलांसाठीचं संग्रहालय, उत्तम. २०२३ मध्ये नव्या रूपात उघडलेलं, मोफत, आणि मुलांनी हात लावावा अशाच हिशेबाने मांडलेलं. ट्यूबच्या सेंट्रल लाइनवरचं बेथनल ग्रीन स्टेशन अगदी जवळ.

गाड्यांचं वेड असेल तर कॉव्हेंट गार्डनमधलं लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम. मुलांना फुकट, मोठ्यांना तिकीट, पण ते वर्षभर चालतं, म्हणजे दोन दिवसांनी पुन्हा पाऊस आला तरी जाता येईल. शेजारच्या बाजारावर छप्पर आहे.

७. पावसातही थोडं बाहेर पडा

दिवसभर कोंडून ठेवलेली मुलं संध्याकाळी भांडतात. रिपरिप असली तरी एक तास बाहेर काढाच. साउथ केन्सिंग्टनला असाल तर एक्झिबिशन रोडने वर चालत जा, दहा-पंधरा मिनिटांत हाइड पार्क. गवत ओलं, माणसं कमी, आणि तळ्यातल्या बदकांना पावसाचं काहीच नसतं. डबक्यात उड्या मारू द्या. रेनकोट त्यासाठीच आणला आहे.

पाय दुखत असतील तर दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढे बसा. ९ नंबरची बस रॉयल अल्बर्ट हॉलवरून हाइड पार्क कॉर्नर, पिकॅडिली करत ट्रफाल्गर स्क्वेअरकडे जाते. तिथून १५ नंबर सेंट पॉल्सवरून टॉवर ऑफ लंडनकडे नेते. पर्यटक बसच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्तात अर्धं शहर बघून होतं. काचेवर वाफ धरली की मुलांना चित्रं काढायला आयती पाटी.

८. इथे फसायला होतं

- उंचावरून शहर बघण्याची तिकिटं. ढग खाली आले की पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. अशी तिकिटं सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांत घ्या आणि तारीख बदलून मिळते का ते घेतानाच वाचा, म्हणजे सरकवायला जागा राहते.
- बकिंगहॅम पॅलेसचा पहारेबदल. फार पाऊस असेल तर तो रद्द होतो. मुलांना तासभर भिजत उभं करण्याआधी खात्री करून घ्या.
- कॉव्हेंट गार्डन स्टेशनचा जिना. लिफ्टची रांग बघून लोक जिन्याकडे वळतात. त्याला १९३ पायऱ्या आहेत. मुलांना घेऊन रांगेतच उभे राहा.
- डीएलआरची उघडी स्टेशनं. अनेक स्टेशनांवर फाटक नसतं, फक्त खांबावर कार्ड लावायचं यंत्र असतं. मुलांचे रेनकोट सावरताना ते राहून जातं आणि जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. कार्ड लावायची जबाबदारी एकाकडे द्या, त्याने बाकीच्यांना विचारायचं.
- तिथल्या शाळांच्या सुट्ट्या. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या अखेरीला तिथे शाळा बंद असतात, नेमक्या आपल्या उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीच्या दिवसांत. त्या आठवड्यांत मोफत संग्रहालयाचं वेळेचं तिकीट निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा.
- मोठ्या बॅगा. हॉटेल सोडायच्या दिवशी सामान घेऊन संग्रहालयात जायचा विचार करू नका. सुटकेस आत घेत नाहीत. हॉटेलच्या स्वागतकक्षातच ठेवून निघा.

९. खोलीवर परतल्यावर

आधी बूट. आतले तळवे काढा, वर्तमानपत्राचे बोळे करून बुटात कोंबा आणि झोपण्यापूर्वी एकदा बोळे बदला. सोमवार ते शुक्रवार सकाळी ट्यूब स्टेशनांवर 'मेट्रो' नावाचं वर्तमानपत्र फुकट मिळतं. पावसाच्या दिवशी निघतानाच दोन अंक उचलून बॅगेत टाका. उन्हाळ्यात खोलीतले हीटर बंद असतात, त्यामुळे मोजे त्यावर वाळतील या भरवशावर राहू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पिळा आणि हेअर ड्रायर फिरवा. रेनकोट आंघोळीच्या जागी टांगा.

आणि मुलांना झोपवल्यावर उद्याचा तासातासाचा अंदाज पुन्हा उघडा. सकाळ कोरडी दिसत असेल तर आज राहिलेलं बाहेरचं ठिकाण तिथे घाला आणि लागणारं तिकीट रात्रीच काढून ठेवा.